भावाला माफ करायचंय पण जमत नाहीये: आधी हिशोब, मग माफी

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात इथे मांडते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. वडील गेल्यावर तेरावं झाल्या झाल्या भावाने "वारस नोंदीला सही लागते" असं सांगून तुम्हाला दुय्यम निबंधक कार्यालयात नेलं, तुम्ही न वाचता सही केली, अंगठा दिला, फोटो काढला, येताना त्याने मिसळही खाऊ घातली. दीड वर्षापूर्वी सहज ऑनलाइन सातबारा काढला तेव्हा कळलं की ते हक्कसोडपत्र होतं आणि तुमचं नाव कुठेच नाही. तेव्हापासून झोप उडालीये, बीपीची गोळी मागे लागलीये, भाऊबीजेला गेला नाहीत. आई दर दोन दिवसांनी फोन करून "माफ कर गं, रक्ताचं नातं आहे" म्हणते. मग कुठल्याशा शिबिरात ऐकलंत की माफ केल्याशिवाय मनःशांती नाही, म्हणून रोज सकाळी आरशासमोर उभं राहून "मी तुला माफ केलं" म्हणून बघितलंत आणि आता भावाच्या रागाच्या जोडीला स्वतःचाही राग यायला लागलाय की मला एवढंसुद्धा जमत नाही, मी मनाने एवढी कोती आहे का.

कोत्या वगैरे काही नाही आहात. मी कौन्सेलिंगचं काम बरीच वर्षं करतेय आणि हा आरशासमोरचा प्रकार केलेली माणसं माझ्याकडे नेहमी येतात. माफी हा या सगळ्या कामाचा शेवट आहे आणि तुम्हाला सगळ्यांनी मिळून सुरुवातच तिथून करायला लावली. काय माफ करायचंय, किती माफ करायचंय, नुकसान नेमकं कशाचं झालंय हे अजून मोजलेलंच नाही आणि आपण पावती फाडायला बसलो तर ती पावती मनाला पटणार कशी.

पण त्याच्याही आधी एक गोष्ट, जी खरं तर माझ्या खात्यातली नाही पण सांगितल्याशिवाय पुढे जाणार नाही. वकिलाला भेटा. फसवून करून घेतलेला दस्त रद्द करून मागायला साधारणपणे ती फसवणूक कळल्यापासून 3 वर्षांची मुदत असते आणि तुमची त्यातली निम्मी गेलीये. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क 2005 च्या दुरुस्तीने मिळाला, आणि 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने हेही स्पष्ट केलं की त्यासाठी 2005 साली वडील हयात असायला हवे होते अशी काही अट नाही. तुमच्या केसमध्ये काय लागू होतं, जमीन वडिलोपार्जित की वडिलांनी घेतलेली, हे वकील सांगेल, मी नाही. दस्ताची प्रत, फेरफार, जुना आणि नवा सातबारा एवढं घेऊन जा. माफ करायला अख्खं आयुष्य पडलंय, मुदतीला नाही. आणि केस करायची का नाही हा निर्णय वेगळा, तो नंतर घ्या, नाही केलीत तरी चालेल, पण "माफ करायचंय म्हणून वकिलाकडे गेले नाही" असं होऊ देऊ नका कारण ती माफी नसते, मुदत टळून गेलेली असते फक्त, आणि ते कळतं तेव्हा राग दुप्पट होऊन परत येतो.

आता मनाचं बघू.

माफ करणं म्हणजे काय नाही हे आधी सांगते कारण लोकांच्या डोक्यात इथेच गोंधळ असतो. माफ करणं म्हणजे झालं ते बरोबर होतं असं म्हणणं नाही. विसरणं नाही, विसरता येतही नाही. परत येणं-जाणं सुरू करणं नाही, त्याला समेट म्हणतात आणि समेटाला दोन माणसं लागतात, माफीला एक पुरतं. हक्क सोडणं तर अजिबातच नाही, म्हणजे कोर्टात भावाविरुद्ध दावा चालू असताना मनातून त्याच्याबद्दलचं विष उतरलेलं असणं हे शक्य आहे, मी बघितलंय. आणि उलटंही बघितलंय, दर दिवाळीला फराळाचे डबे इकडून तिकडे जातायत, ग्रुपवर वाढदिवसाचे केक टाकतायत आणि आत अढी जशीच्या तशी.

तुमची आई ज्याला माफी म्हणतेय ते बहुतेक हे दुसरं आहे. नातेवाईक "झालं गेलं गंगेला मिळालं" म्हणतात तेव्हा त्यांना तुमच्या बीपीची काळजी असतेच असं नाही, पुढच्या लग्नात तुम्ही दोघं एका फोटोत उभे राहावं एवढीच गरज असते बऱ्याचदा. आपल्याकडे तर संक्रांतीला तिळगूळ देऊन वर्षभराचं भांडण मिटवायची सोयच करून ठेवलीये आणि ती चांगलीच सोय आहे, शेजाऱ्याने गाडी दारात लावली असल्या भांडणाला ती पुरते. जमिनीला नाही पुरत. वरून एकनाथ महाराजांची गोष्ट सांगतात, तो माणूस अंगावर थुंकत राहिला आणि महाराज परत परत गोदावरीत स्नान करत राहिले. ती गोष्ट मलाही आवडते पण बाईमाणसाला गप्प बसवायला तिचा जेवढा वापर झालाय तेवढा कशाचाच झाला नसेल.

या विषयावर नीट काम केलेली जी माणसं आहेत त्यातले एक अमेरिकेतले एव्हरेट वर्दिंग्टन, त्यांचं मला पटतं कारण त्यांच्यावर वेळ आली होती. माफीवरच अभ्यास करणारा हा मानसशास्त्रज्ञ, आणि 1995 संपून 1996 सुरू होताना त्याच्या म्हाताऱ्या आईचा घरफोडीत खून झाला. पहिली प्रतिक्रिया सूडाचीच होती असं त्यांनी स्वतःच सांगितलंय. तर ते दोन गोष्टी वेगळ्या करतात, एक निर्णयाची माफी आणि दुसरी भावनेची माफी. निर्णय एका दिवसात होऊ शकतो, की मी याचा सूड घेणार नाही, याचं वाईट करायच्या मागे लागणार नाही. भावना मात्र आपल्या गतीने येते, महिने लागतात, कधी वर्षं. तुम्ही आरशासमोर निर्णय बोलत होतात आणि भावना हजर नाही म्हणून स्वतःला नापास करत होतात. निर्णय झाला असेल तर तुमचं निम्मं काम झालंय. झाला नसेल तरी हरकत नाही, घाई नाहीये.

किती वेळ लागतो त्याचा एक अंदाज देते. विस्कॉन्सिन विद्यापीठातले रॉबर्ट एनराइट हे या क्षेत्रातलं जुनं नाव, 1996 साली सुझन फ्रीडमन यांच्याबरोबर त्यांनी एक अभ्यास छापला, लहानपणी घरातल्याच माणसाकडून लैंगिक अत्याचार झालेल्या 12 बायका, प्रत्येकीबरोबर आठवड्याला एक सेशन, आणि सरासरी 14 महिने लागले. त्या बायकांचं नैराश्य, चिंता खरंच कमी झाली. त्यात कुणालाही त्या माणसाला भेटायला लावलं नव्हतं, घरी बोलवायला लावलं नव्हतं. तर 14 महिने, तेही ट्रेन्ड माणूस समोर बसलेला असताना. शिबिरात डोळे मिटून 20 मिनिटांत नाही होत हो.

शरीराचं म्हणाल तर तुमचं बीपी आणि भाऊ यांचा संबंध मी डॉक्टर नसल्याने जोडणार नाही, गोळी चालू ठेवा. पण 2001 चा एक प्रयोग आहे, 71 विद्यार्थ्यांना ज्याने दुखावलं त्या माणसाबद्दल कधी डूख धरून विचार करायला सांगितलं आणि कधी समजुतीने, क्षमेने विचार करायला सांगितलं. डूख धरल्यावर हृदयाचे ठोके, रक्तदाब, घाम, भुवयांमधला ताण सगळं वाढलं. माणूस समोर नसताना बरं का, नुसतं आठवून. म्हणजे भाऊ तिकडे गावी ट्रॅक्टरवर बसलेला असतो आणि इकडे तुमच्या कपाळाला आठ्या. म्हणून मी क्लायंटला पहिल्या आठवड्यात माफीबद्दल बोलूच देत नाही, फक्त बघायला सांगते की दिवसात कधी कधी तो येतो डोक्यात. बहुतेकांचं ठरलेलं असतं, भांडी घासताना, रात्री दिवा मालवल्यावर, किंवा फोनवर माहेरच्या कुणाचं नाव झळकलं की जबडा आवळतो. तुम्ही पण बघा. आपण ज्याला उगाळणं म्हणतो ते हेच, आणि गंमत म्हणजे उगाळताना माणसाला वाटतं मी विचार करतोय, काहीतरी मार्ग काढतोय. मार्ग काही निघत नाही, तोच सीन परत लागतो.

आता ते हिशोबाचं. वही घ्या, मोबाइल नको, आणि लिहा की नेमकं काय गेलं. "सगळं गेलं" असं नाही. एकेक कलम.

याचं एक उदाहरण देते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. एक बाई यायच्या, पन्नाशीच्या, सासूवरचा राग. सासूला आता स्मृतिभ्रंश, सुनेला ओळखतही नाही, "तुम्ही कुणाकडच्या?" विचारते, आणि हीच तिचं सगळं करते. आतून धुमसत करते आणि त्याचीही लाज वाटते. माफी मागणारं माणूसच शिल्लक नाही मग माफ कुणाला करायचं हा तिचा प्रश्न. मी म्हटलं लिहा काय काय झालं. पहिलंच कलम लिहिलं: डिंकाचे लाडू. पहिल्या बाळंतपणात माहेरहून आलेले डिंकाचे लाडू सासूने मोजून स्टीलच्या डब्यात घालून कपाटात कुलूप लावून ठेवले होते, रोज एक द्यायची, तोही कधी द्यायची कधी नाही. तीस वर्षं होऊन गेली, बाई आज स्वतःच्या पैशाने डिंकाच्या लाडवांचं दुकान घेऊ शकेल, तरी लिहिताना हात थरथरत होता. मी विचारलं, त्या वेळी खोलीत अजून कोण होतं? बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, हे होते. पेपर वाचत होते. सगळं दिसत होतं त्यांना.

पुढचे कितीतरी आठवडे आम्ही सासूबद्दल बोललोच नाही.

हे फार वेळा होतं. ज्याने केलं त्याच्यावरचा राग तोंडपाठ असतो, आणि ज्याने बघितलं आणि गप्प बसलं त्याच्यावरचा राग लपून बसलेला असतो कारण त्या माणसाची आपल्याला अजून गरज असते. तुमच्या प्रश्नात एक ओळ मध्येच येऊन गेलीये, "आईला तेव्हा माहीत होतं की नाही हे मी कधी विचारलं नाही." त्यावर शेवटी येते.

तर तुमच्या वहीत काय येईल ते मला माहीत नाही पण अंदाज बांधते. जमीन येईल, तिचा आजचा भाव येईल. मग हळूहळू वेगळंच यायला लागेल. वडील जाऊन तेरा दिवस झालेले असताना मी रडत होते आणि तो कागद तयार करत होता. मी वाचलं नाही कारण माझा दादा होता. मिसळ खाऊ घातली. मला वाटतं तुमचं सगळ्यात मोठं कलम ती मिसळ असणार, जमीन नाही, कारण जमिनीला कोर्ट आहे, त्या मिसळीला कुठे दावा लावणार? जे कोर्टातून मिळू शकतं ते वकिलाच्या फाइलमध्ये घाला. जे कुणीच परत देऊ शकत नाही, माफीचं काम तेवढ्याच भागावर करायचं असतं. असे दोन ढीग केले की राग एकदम कमी होत नाही पण त्याला आकार येतो.

लिहिताना एक लक्षात ठेवा, सलग तीन-चार दिवस, रोज पंधरा-वीस मिनिटं, आणि मग थांबायचं. जेम्स पेनबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1986 पासून असे लिहिण्याचे प्रयोग केले, त्यात लिहून झाल्या झाल्या लोकांना जास्त वाईट वाटतं, फायदा नंतरच्या महिन्यांत दिसतो. म्हणून पहिल्या रात्री रडू आलं, झोप लागली नाही तर "हे मला सूट होत नाही" म्हणून वही फेकू नका. पण महिनोन्महिने रोज लिहीतही बसू नका, मग ते परत उगाळणंच, फक्त पेनाने. आणि लिहिलेलं भावाला पाठवायचं नाही. व्हॉट्सॲपवर तर नाहीच नाही, उद्या केस झाली तर वकील कपाळावर हात मारेल.

यानंतरचा भाग अवघड आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत, म्हणजे आपलेच हट्टी विचार तपासून बदलायची पद्धत, जी आपल्याकडे मराठीत कि. मो. फडके यांनी रुजवली आणि ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेमुळे बऱ्याच घरात पोचली, ती इथे कामाला येते. तुमच्या डोक्यात एक वाक्य सतत वाजतंय: "भावाने असं करायलाच नको होतं." यातला "च" काढून बघा. "भावाने असं करायला नको होतं, केलं." पहिल्या वाक्यात तुम्ही घडून गेलेल्या गोष्टीशी रोज भांडताय, की हे झालंच कसं. दुसऱ्यात दुःख आहे. दुःख परवडतं, खरंच, रडून झालं की जेवण जातं. आणि "माझा भाऊ असं करणारा माणूस आहे" हे वाक्य मोठ्याने म्हणता येतंय का बघा. ज्यांना ते म्हणता येतं त्यांचं पुढचं सोपं जातं, कारण मग वर्षानुवर्षं वाट बघणं थांबतं, की एक दिवस तो येईल, पायाशी बसेल, म्हणेल ताई चुकलो. कदाचित येईलही. पण आपलं बरं होणं त्याच्या येण्यावर टांगून ठेवायचं नाही.

त्याच्या बाजूने विचार करून बघा असं सगळी पुस्तकं सांगतात, मीही सांगते पण उशिरा सांगते, आणि सक्ती करत नाही. कर्ज होतं का, बायकोचा दबाव होता का, "बहिणीला लग्नात दिलं की सगळं" हे तो लहानपणापासून ऐकत आला का. समजलं म्हणजे पटलं असं नाही. पण राक्षसाला माफ करता येत नाही, घाबरलेल्या, हावरट, साध्या माणसाला करता येतं. हे आलं तर आपोआप येतं, एखाद्या दिवशी त्याचा जुना फोटो बघून पोटात कालवतं, चिडचिड न होता. त्या दिवशी घाईने फोन उचलू नका एवढंच.

इथे थोडं थांबून बाकी वाचणाऱ्यांसाठी. ज्यांना अजून मारहाण होतेय, अजून पैसे काढून घेतले जातायत, अजून घाणेरडं बोललं जातंय त्यांनी कृपा करून माफीच्या नादी लागू नका, आधी तिथून बाहेर पडा किंवा ते थांबवा. जेम्स मॅकनल्टी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी नव्याने लग्न झालेल्या जोडप्यांचा चार वर्षं मागोवा घेतला, तर जे जोडीदाराला जास्त माफ करत गेले त्यांच्या जोडीदाराची आक्रमकता तशीच चालू राहिली, आणि जे कमी माफ करत होते त्यांच्याकडे ती कमी होत गेली. माफीने समोरचा सुधारतो हा भाबडेपणा आहे, काही सुधारतात, काही सोकावतात. आणि लैंगिक अत्याचार, किंवा सारखी तीच स्वप्नं पडणं, जीव नकोसा वाटणं, असं काही असेल तर वही-बिही घेऊन एकटं बसू नका, माणूस गाठा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

परत तुमच्याकडे येते ताई. भाऊबीजेला जायचं का असं विचारलंत. यावर्षी नका जाऊ असं मी म्हणेन, आणि त्यासाठी तब्येतीचं खोटं कारणही देऊ नका. "यावर्षी येत नाही" एवढं वाक्य पूर्ण आहे. न जाण्याला माफ न करणं समजू नका. भाच्यांचा जीव असेल तुमच्यावर, त्यांना वेगळं भेटा, त्यांच्यासमोर बापाचा विषय काढू नका, ते लहान आहेत अजून.

आणि आई. आई दर दोन दिवसांनी "माफ कर" म्हणते त्यातलं अर्धं तिच्या स्वतःसाठी असू शकतं. ती त्याच घरात राहते, त्याच्या हातचं जेवते, म्हातारपणी तिने कुणाची बाजू घेणं परवडण्यासारखं नाहीये. किंवा तिला सगळं माहीत होतं आणि ती स्वतःचीच माफी तुमच्याकडे मागतेय, भावाचं नाव पुढे करून. नक्की काय ते तिलाच विचारावं लागेल. फोनवर विचारू नका, फोन स्पीकरवर असतो आणि वहिनी ओट्याशी उभी असते. वकिलाचं काय ते आधी कळू दे. मग आईला चार दिवस तुमच्याकडे आणा, डोळे तपासायला म्हणा, गुडघ्याचं म्हणा, आणि दोघीच असताना साधं विचारा: "आई, त्या दिवशी आम्ही सही करायला निघालो तेव्हा तुला माहीत होतं का गं?" आणि गप्प बसा. ती रडेल, विषय बदलेल, "तुझे बाबा असते तर" सुरू करेल, तुम्हाला तिची समजूत घालायची घाई होईल. ती घालू नका लगेच. तिचं उत्तर काहीही आलं तरी त्या दिवशी त्यावर काही ठरवायचं नाही, जेवण वाढायचं, औषध द्यायचं, झोपायचं. तोवर फोनवर "माफ कर" आलं की एवढंच म्हणा, "आई, माझं चाललंय, मला वेळ लागेल, तू रोज विचारू नकोस." चिडून ठेवला तिने फोन तर ठेवू दे.

वकिलाकडे जाऊन आलात आणि वहीतली कलमं लिहून झाली की परत लिहा मला. जमिनीचा भाव नाही लिहिलात तरी चालेल, बाकीचं लिहा.